थोरल्या तपेल्याचा पत्ता

एका गावात एक भोळा माणूस होता, असं गोष्टीत सांगतात. जसं काही बाकीची गावं त्यावाचून राहिलीत! प्रत्येक गावाला एक असतो. आंबेखिंडीच्या वाट्याला आलेल्याचं नाव सोपान.

सोपान मूर्ख नव्हता. सांगितलं ते करायचा, एवढंच. सांगितलं तेवढंच करायचा, आणि सांगितलं तस्संच करायचा. तालुक्याला मोबाइलची ॲप बनवायच्या क्लासला गेला. सर म्हणाले, "सेव्ह केल्याशिवाय कॉम्प्युटरपुढून उठायचं नाही." तेवढ्यात वीज गेली. सर घरी गेले, पोरं घरी गेली. सोपान काळ्या पडद्यापुढे बसून राहिला. दुसऱ्या दिवशी झाडूवाली आली तेव्हा तिनं त्याला उठवलं. तो म्हणाला, "मावशी, आधी सेव्ह करू द्या."

असा हा सोपान. शिकून गावी आला, आणि वैजूच्या प्रेमात पडला.

वैजू कोण? हौसाक्काची नात. हौसाक्का कोण? आता हे विचारणारा आंबेखिंडीचा नव्हे. गावकीची भांडी हौसाक्काच्या ताब्यात. आंबेखिंडीच्या तीन वाड्या, वरची, मधली आणि खालची. कुठल्याही वाडीत लग्न असो, बारसं असो, स्वयंपाक गावकीच्याच भांड्यांत. पराती, घंगाळं, हातभर दांड्यांचे झारे. आणि सगळ्यांत मोठं ते थोरलं तपेलं. तांब्याचं. आत म्हैस बसली तर शेपूट हलवायला जागा उरेल एवढं. भांडी कधी मधल्या वाडीत हौसाक्काच्या खोलीत, कधी वरच्या वाडीत धोंडिबाकडे, कधी खालच्या वाडीत शेवंताकडे. कुठलं कुठं आहे ते हौसाक्का वाड्या-वाड्या फिरून बघायची. आता तिचे गुडघे गेले होते. जीभ शाबूत होती.

सोपान तिच्या दारात उभा राहिला. म्हणाला, "आक्का, मला वैजूशी लग्न करायचंय."

"तुला काय येतं?"

"ॲप बनवता येतं."

"मग भांड्यांचं बनव. फोन उघडला की भांडं कुठं आहे ते कळायला हवं. मला, धोंडिबाला, शेवंताला, तिघांना. ज्या दिवशी तुझं ॲप सगळ्या भांड्यांचा पत्ता बिनचूक सांगेल, त्या दिवशी वैजू तुझी. लग्नसराई संपेपर्यंत मुदत. नाही जमलं तर साखर कारखान्यावरचं स्थळ आलंय, त्याला होकार देते."

आतून वैजू म्हणाली, "आजी, मी काय परात आहे का? ह्याला नाही तर त्याला द्यायला?"

"परात परत येते. तू गप."

वैजूला सोपान आवडायचा. तिचं म्हणणं, सांगितलेलं ऐकणारा पुरुष ह्या खिंडीत हा एकच. बाकीच्यांना दहादा सांगावं लागतं, आणि तरी ते अकरावं काहीतरी करतात. बाईचं गणित अगदीच चुकीचं नव्हतं.

हौसाक्का म्हणाली, "आणि एक सांगते. सगळं एका जागी ठेव. मला पसारा चालत नाही. गाठ बांधून ठेव."

"बरं आक्का," सोपान म्हणाला. आणि त्यानं गाठ बांधली. हातात चार्जरची वायर होती, तिलाच बांधली.

आता इथं थोडं समजून घ्या, अवघड नाही. मीही कुणाच्या शाळेत न जाता समजून घेतलंय. ॲपला नोंदी ठेवायला दोन कोठ्या मिळतात. एक कोठी फोनच्या पोटात. ती आपल्याजवळ असते, रेंज नसली तरी उघडते, पण ज्याची त्यालाच दिसते. दुसरी कोठी लांब शहरात, कुणाच्या तरी मोठ्या कॉम्प्युटरात. तिला क्लाउड म्हणतात. ती सगळ्यांना दिसते, पण रेंज असेल तरच. आणि आंबेखिंडीत रेंज फक्त एका ठिकाणी, टेकडीवर, म्हसोबाच्या दगडापाशी. म्हसोबाला पूर्वी वर्षातून एकदा नारळ मिळायचा. मोबाइल आल्यापासून रोज गर्दी.

सोपाननं विचार केला. सगळं एका जागी. मग त्यानं सगळ्या नोंदी लांबच्या कोठीत, क्लाउडमध्ये ठेवल्या. फोनच्या पोटात एक ओळ ठेवली नाही. पसारा नको.

खालच्या वाडीत साखरपुडा निघाला. शेवंताला थोरलं तपेलं हवं होतं. तिनं ॲप उघडलं. पडद्यावर एक चक्र फिरायला लागलं. हौसाक्कानं आपल्या खोलीत बसून ॲप उघडलं. तिथंही चक्र.

"सोपान्या, हे गरागरा काय फिरतंय?"

"शोधतंय, आक्का."

"तपेलं?"

"नाही. रेंज."

"मी तपेलं शोधायला सांगितलं होतं!"

"आधी रेंज सापडली की मग तपेलं."

मग चौघांनी हौसाक्काला खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलून म्हसोबाच्या टेकडीवर नेली. अर्ध्या वाटेत खुर्चीचा पाय निघाला. उरलेल्या तीन पायांवर तिनं चौघांचा उद्धार केला. वर पोचल्यावर फोनला रेंज मिळाली, चक्र थांबलं, आणि उत्तर आलं. थोरलं तपेलं, मधली वाडी, हौसाक्काची खोली.

म्हणजे मघाशी ती ज्याला टेकून बसली होती ते.

हौसाक्का टेकडीवरूनच ओरडली, "अरे मुडद्या, मीठ कुणी वेशीबाहेर ठेवतं का? रोज लागतं ते जवळ ठेवावं! जवळ! बांध गाठ!"

"बरं आक्का. आता कळलं." सोपाननं वायरला दुसरी गाठ बांधली.

घरी जाऊन त्यानं सगळ्या नोंदी जवळ ठेवल्या. प्रत्येक फोनच्या पोटात. क्लाउडला एक अक्षर कळवलं नाही. आता ॲप झटकन उघडायचं. हौसाक्का खूश. धोंडिबा खूश. शेवंता खूश. तिघांचे तीन फोन, तीन कोठ्या, कुणाचं कुणाला ठाऊक नाही. भावकी असते तशी.

एकाच मुहूर्तावर दोन लग्नं आली. वरच्या वाडीला धोंडिबानं आपल्या फोनात बघितलं. थोरलं तपेलं मोकळं आहे. दिलं. खालच्या वाडीला शेवंतानं आपल्या फोनात बघितलं. मोकळं आहे. दिलं. दोन्हीकडची माणसं सकाळी एकदमच हौसाक्काच्या खोलीवर आली. वरच्या वाडीनं एक कडी धरली, खालच्या वाडीनं दुसरी.

"सोडा! आमच्या फोनात आहे!"

"आमच्या काय चुलीत आहे? आमच्याही फोनातच आहे!"

हौसाक्का सोपानकडे वळली. "ह्यात चूक कोणाची?"

सोपाननं दोन्ही फोन पाहिले. "कोणाचीच नाही, आक्का. जे ज्याच्याजवळ आहे ते बरोबर आहे."

ओढाताणीत वरची वाडी जिंकली. तिथली पोरं तालमीतली. खालच्या वाडीच्या हाती झाकण राहिलं. त्यांनी झाकणावर भात शिजवला. तो भात खाल्लेली माणसं अजून एकमेकांना ओळखतात.

त्या संध्याकाळी हौसाक्कानं सोपानला समोर बसवलं. "अरे, जवळ ठेव म्हणजे बाहेर सांगूच नको असं नव्हे. म्हसोबावर जाणं-येणं असतंच सगळ्यांचं. तिथं गेलं की फोनातलं वर पाठवावं, वरचं फोनात घ्यावं. मेळ घालावा. आणि दोघांचं भिडलं तर आधी बोलेल त्याचं खरं धरावं. साधा न्याय आहे. बांध गाठ."

"बरं आक्का. आता कळलं."

तिसरी गाठ. वायर आखडली. फोन चार्जिंगला लावला की सोपानला भिंतीला चिकटून बसावं लागे.

त्यानं मेळ घातला. तिन्ही फोन म्हसोबावर क्लाउडशी बोलायला लागले. आणि जो आधी बोलेल त्याचं खरं, हा नियम त्यानं ॲपमध्ये पक्का बसवला. नंतर कुणी काही बोललं तर ॲप ऐकून घ्यायचं आणि सोडून द्यायचं.

मधल्या वाडीत जानबाच्या मुलाचं लग्न होतं. चार दिवस आधी नवरदेवाला कांजण्या आल्या. जानबाच्या बायकोनं ताबडतोब निरोप दिला, लग्न पुढं ढकललंय. शेवंतानं नवी तारीख फोनात घातली. ॲपनं नवी तारीख पाहिली. जुनी आधी बोलली होती. जुनी खरी.

ठरल्या दिवशी टेम्पो आला. त्यात थोरलं तपेलं, पराती, झारे, आणि तपेल्यावर बसलेला सोपान. ॲपमध्ये दिवस बघूनच आचारीही येऊन थांबला होता. आचाऱ्यानं चूल खणली आणि बुंदी पाडायला घेतली. आतल्या खोलीत नवरदेव कडुलिंबाच्या पाल्यावर उघडाबंब पडला होता. तुपाचा वास आला तसा तो कण्हला.

त्याची आई बाहेर आली. "अहो, आम्ही तारीख बदलली होती!"

"बदललीत ना?" सोपान म्हणाला. "म्हणजे नंतर बोललात."

"मग?"

"आधी बोललात ते खरं."

"आणि माझ्या पोराच्या अंगावर उठलंय ते काय खोटं?"

सोपाननं विचार केला. "तेही नंतरच उठलंय."

बाईच्या हातात खराटा होता. सोपान पळाला, बाई मागून ओरडत राहिली, "माणूस शेवटी काय बोलला ते बघावं रे! शेवटचं खरं! शेवटचं!"

सोपान पळता पळता थांबला. बाईचा खराटा पाठीत बसला. पण तोवर त्यानं चौथी गाठ बांधली होती. धडा मिळाला की तो घ्यायचा, कुणाकडूनही.

आता ॲपमध्ये शेवटचं खरं. जी नोंद क्लाउडला शेवटी पोचेल ती आधीचीला खाऊन टाकणार.

ह्यानंतर बराच काळ बरं चाललं. हौसाक्का लोकांना सांगायला लागली, पोरगं सुधारलं. वैजूनं शालूचा रंगही ठरवला. आणि धोंडिबा घाटापलीकडून परत आला.

धोंडिबा मेंढरं घेऊन चरणीला गेला होता. फोन घोंगडीत गुंडाळलेला. जाताना फोनात ज्या नोंदी होत्या त्याच येताना होत्या. कोणाचं लग्न व्हायचंय, तपेलं कुठं पोचवायचंय, सगळं त्या वेळचं. येताना मेंढरं म्हसोबापाशी टेकली. फोनला रेंज मिळाली. फोनानं इमानदारीनं पोटातलं सगळं वर पाठवलं. शेवटी आलं ते हेच. शेवटचं खरं.

झालं. आंबेखिंड एका क्षणात महिनाभर मागं गेली.

दुसऱ्या दिवशी टेम्पो निघाला आणि थोरलं तपेलं वरच्या वाडीत रखमाच्या दारात उतरलं. रखमाच्या लग्नाला महिना होऊन गेला होता. दारात नवराबायकोचं भांडण रंगात आलं होतं.

"हे काय?" रखमा म्हणाली.

"तुमचं लग्न आहे," सोपान म्हणाला.

"ह्याच्याशी? पुन्हा?"

"ॲपमध्ये आलंय."

रखमानं नवऱ्याकडं एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लावा. पण ह्या वेळी नवरा बदलून द्या."

आतून सासू धावत आली. "अहो भाऊ, सुनेचंही बघा की बदलून मिळत असेल तर."

सोपाननं ॲपमध्ये पाहिलं. तशी सोय नव्हती. तो दोघींना म्हणाला, "माफ करा."

वैजू त्याला वाटेत भेटली. कपाळाला हात लावून म्हणाली, "शेवटी पोचलं ते नाही रे सोपान, शेवटी लिहिलं ते खरं. धोंडिबाकाकांचं लिहिलेलं जुनं होतं." ती हे समजावत होती, तेवढ्यात मागून हौसाक्काचा आवाज आला आणि समजावणं अर्धंच राहिलं.

"शिळं पुढ्यात आलं की ताजं ओतून द्यायचं का रे? शिळं टाकून द्यावं! जुनं दिसलं की पुसून टाक! नुसतं इथून नाही, सगळीकडून! बांध गाठ!"

"बरं आक्का. आता कळलं."

पाचवी गाठ.

सोपान कामाला लागला. जुनं पुसायचं. यादीत सगळ्यांत जुनं काय? थोरलं तपेलं, हौसाक्काच्या आजेसासूच्या काळातलं. पुसलं. घंगाळं? तीही तेव्हाचीच. पुसली. पराती, झारे, कळशा, पळ्या. कुठलीही नोंद बघितली तरी भांडं जुनंच. आंबेखिंडीनं तांब्या-पितळेचं नवं भांडं विकत घेतल्याला दोन पिढ्या झाल्या होत्या. सोपान घाम गाळून पुसत राहिला. मग म्हसोबावर गेला आणि मेळ घातला. क्लाउडमधून पुसलं गेलं. धोंडिबाच्या फोनातून पुसलं गेलं. शेवंताच्या, हौसाक्काच्या फोनातून पुसलं गेलं. दुसरी प्रत कुठं ठेवलेली नव्हती. ठेव असं कुणी सांगितलं नव्हतं.

खालच्या वाडीची माणसं लग्नाची भांडी न्यायला हौसाक्काच्या खोलीवर आली. सोपाननं ॲप उघडलं. गावकीची भांडी: प्लास्टिकचा मग, एक. तो गेल्या दिवाळीत आणला होता.

सोपाननं मग दिला.

"आणि बाकीचं?"

"एवढंच आहे."

"अरे, ते मागं काय दिसतंय? हे एवढं तपेलं!"

सोपाननं मागं वळून तपेल्याकडं पाहिलं. मग फोनकडं पाहिलं. मग तपेल्याकडं. "नोंद नाही," तो म्हणाला. आणि तपेल्याच्या कडेनं वळसा घालून निघून गेला.

माणसं सभ्य होती. भांडी शेजारच्या गावातून आणली, लग्न उरकलं, आणि गावकीचा मग परत करायला आली. मगात एक लाडू ठेवला होता. आमच्याकडं भांडं रिकामं परत करत नाहीत.

हौसाक्कानं लाडू खाल्ला नाही. तिनं कारखान्यावरच्या स्थळाला निरोप धाडला, येऊन पोरगी बघून जा.

वैजू हौसाक्काशी बोलली नाही. ती सरळ सोपानच्या घरी गेली. तो भिंतीला चिकटून बसला होता, गाठींच्या वायरीला बांधल्यासारखा. ती त्याच्यासमोर बसली.

"सोपान, आजीचं ऐकू नको. जानबाच्या बायकोचं ऐकू नको. माझं ऐक. कारखान्यावरचा माणूस यायच्या आत हे जमलं नाही, तर मला त्याच्यामागं जावं लागेल, आणि तो बोलतो तेव्हा त्याच्या तोंडून थुंकी उडते. कळलं?"

"कळलं. थुंकी."

"थुंकीचं सोड. महत्त्वाचं कुठलंही असो, एकच ठेवायचं नाही. एक जवळ, एक वर. फोनातल्या प्रतीवर काम करायचं, रेंज आली की वरच्या प्रतीशी मेळ घालायचा. इथं जे झालं ते तिथं व्हायला हवं. म्हणजे एक बुडाली तरी दुसरी राखीव. एक जवळ, एक वर, आणि मेळ. म्हण."

"एक जवळ, एक वर, आणि मेळ."

सहावी गाठ. ही त्यानं सगळ्यांत घट्ट बांधली.

खोटं कशाला बोलू, ह्या वेळी त्यानं खरंच ॲप केलं. वैजू जवळ बसली होती. नोंद लिहिल्याची वेळ तिनं घालायला लावली. भांड्यांची नावं हौसाक्कानं पुन्हा सांगितली, ती भिंतीकडं तोंड करून, पण सांगितली. बिनरेंजचं उघडायचं, म्हसोबावर गेलं की मेळ बसायचा, तिन्ही फोन एकच बोलायचे.

कारखान्यावरचं स्थळ पोह्यांच्या बशीपुढं बसलं होतं. हौसाक्कानं सगळ्यांदेखत परीक्षा घेतली.

"थोरला झारा कुठं आहे?"

सोपाननं फोन पाहिला. "धोंडिबाकाकांकडं."

"चूक! शेवंताकडं. मीच दिलाय."

माणूस पाठवला. झारा धोंडिबाकडं होता. शेवंतानं परस्पर दिला होता आणि फोनात घातलं होतं. हौसाक्का एकदा झाऱ्याकडं, एकदा सोपानकडं बघत राहिली. मग पाहुण्याला म्हणाली, "तुम्ही पोहे खाऊन घ्या. कष्टानं केलेत." पाहुणा काहीतरी बोलला. समोर बसलेल्यांनी तोंड पुसलं.

लग्न ठरलं. सोपानचं आणि वैजूचं. भांडी वेळेवर आली, सगळी आली, झाकणासकट आली. गोष्ट इथं संपली असती. पण सोपान विचार करायला बसला.

लग्नात सगळ्यांत महत्त्वाचं काय? नवरदेव. नवरदेव किती? एक. जवळ एक आहे, वर एकही नाही. बुडाला तर?

त्याचा एक मावसभाऊ होता, महिपती. ह्याच्याएवढाच उंच, आणि जेवण असेल तिथं कशालाही हो म्हणणारा. सोपाननं त्याला आपल्यासारखाच फेटा बांधला, तशाच मुंडावळ्या लावल्या, हातात हार दिला आणि म्हसोबाच्या टेकडीवर नेऊन बसवलं. तिथून मांडव दिसतो.

"मी खालचा," सोपान म्हणाला. "तू वरचा. मी जे करीन तेच तू करायचं. मेळ राहिला पाहिजे."

"जेवण कधी?" महिपती म्हणाला.

मांडवात मंगलाष्टकं झाली. अंतरपाट निघाला. वैजूनं सोपानला हार घातला. सोपाननं वैजूला हार घातला. वाजंत्री झडली. हौसाक्का डोळे पुसायला लागली. इतक्यात टेकडीवरून एक नवरदेव फेटा सावरत धावत आला, मांडवात शिरला, आणि त्यानंही वैजूला हार घातला.

वाजंत्री थांबली.

गुरुजी म्हणाले, "हा कोण?"

"वरची प्रत," सोपान म्हणाला.

"अरे, दोन हार पडले मुलीच्या गळ्यात! नवरा कुठला धरायचा?"

सोपानची वायर कमरेला खोचलेली होती. तो एकेक गाठ चाचपत गेला. चौथीवर बोटं थांबली. शेवटचं खरं. शेवटी हार कोणी घातला? महिपतीनं.

"हा," सोपान म्हणाला.

बोटं पाचवीवर गेली. जुनं दिसलं की पुसून टाक. जुना कोण?

सोपाननं मुंडावळ्या सोडल्या. फेटा काढला. वैजूनं घातलेला हार काढून घडी करून पाटावर ठेवला. आणि मांडवामागं जाऊन मठ्ठ्याची बादली उचलली. पहिली पंगत बसतच होती. नवरदेव स्वतःच्या लग्नात पानोपान फिरत होता, "मठ्ठा घ्या, पाहुणे, मठ्ठा."

हौसाक्काचं तोंड उघडलं आणि त्यातून काही बाहेर आलं नाही. हे गावानं प्रथमच पाहिलं.

वैजूनं शालू गुडघ्यापर्यंत उचलला. पाटावरचा हार घेतला. पंगतीत पानं ओलांडत, भात तुडवत ती सोपानपाशी गेली आणि तो हार पुन्हा त्याच्या गळ्यात घातला, बादलीसकट.

"आता शेवटचा हार कोणाचा?"

सोपाननं विचार केला. "तुझा."

"मग खरं कोणाचं?"

"तुझं."

"आज, उद्या आणि जन्मभर?"

"शेवटचं तुझं असेल तर."

"असेल," वैजू म्हणाली. आणि त्या घरात ते आजतागायत आहे. चार घरांत असायला हवं, पण ते जाऊ द्या.

गुरुजींनी आणखी कुणी टेकडीवरून यायच्या आत घाईघाईनं अक्षता टाकल्या. हौसाक्का पुढं आली. तिनं सोपानचं उपरणं धरलं, वैजूचा पदर धरला आणि दोन्हींची गाठ मारली. दातानं आवळली.

"सोपान्या," ती म्हणाली, "ही गाठ..." आणि थांबली. "नको. काहीच सांगत नाही. बाई शहाणी झाली."

पण सोपान गाठीकडं बघत राहिला. आजवर प्रत्येक गाठीला धडा होता. हिला नव्हता. त्याला चैन पडेना.

वरात घरापाशी आली. दारात बायकांनी वैजूला अडवलं, नाव घे म्हणाल्या. वैजूनं घेतलं:

"थोरल्या तपेल्यावर तांब्याचं झाकण,
सोपानरावांचं मीच करते राखण."

बायका हसल्या. वैजूनं उंबऱ्यावरचं माप लवंडलं आणि घरात पाऊल टाकलं. पदराला बांधलेला सोपान मागोमाग आत आला. मग उपरणं ताणलं गेलं. सोपाननं हिसका दिला. दारातून तिसरं कुणीतरी आत आलं.

उपरण्याच्या दुसऱ्या टोकाला महिपती बांधलेला होता. हातात जिलबी होती.

हौसाक्का हळूच म्हणाली, "आता हा कशाला?"

"राखीव, आक्का," सोपान म्हणाला.

हौसाक्कानं पदर खोचला, सोपानच्या पाठीवर नजर ठेवून कमरेचा फोन काढला आणि ॲप उघडलं. रेंज नव्हती. तरीही पत्ता झटक्यात आला आणि बिनचूक आला: थोरला झारा, सोपानचं घर, दाराआड.